तुझ्या नावाचं मडकं

प्रिय आक्का,

तुला पत्र लिहायची ही काय वेळ, असंच म्हणशील ना? जिवंत होतीस तोवर मी तुला साधी चिठ्ठीसुद्धा पाठवली नाही, सगळं फोनवर. आता तुझा फोन बंद आहे आणि सोमवारी माझं ऑपरेशन आहे. पित्ताशयातल्या खड्यांचं, तुझं झालं तेच. सांगलीतलं तेच हॉस्पिटल, तेच डॉक्टर, आणि ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर भिंतीवर तोच टीव्ही. तुझ्याशिवाय कुणाशी बोलू?

दुखणंही तुझ्यासारखंच गं. उजव्या बरगडीखाली सुरू होतं आणि पाठीमागून खांद्यावर चढतं. कुणीतरी मागून हात ठेवल्यासारखं वाटतं, असं तू सांगायचीस आणि मी हसायचे. आता कुपवाडला पत्र्याच्या शेडमध्ये भर दुपारी शिलाई मशीनवर बसलेली असताना माझ्या खांद्यावर हात पडतो. मागे वळून बघते तर युनिफॉर्मच्या कापडाचे गठ्ठे. डॉक्टर म्हणतात, पित्ताशयाचं दुखणं खांद्यात जाणवतंच. असेल बाई. पण मला पाची बोटं वेगवेगळी कळतात, त्याचं काय?

आणि हाक. "आशे." एकदाच येते. मशीनचा आवाज थांबला की येते, मागच्या पत्र्याच्या बाजूनं. मी ओ देत नाही. तीन हाका आल्याशिवाय ओ द्यायची नाही, हे तूच शिकवलंस ना मला? शेरडं घेऊन माळावर जायचो तेव्हा. मेलेलं माणूस तीनदा हाक मारत नाही, आणि त्याला ओ दिली की ते सोबत घेऊन जातं, म्हणायचीस. दुसरी हाक अजून आलेली नाही.

तुझ्या ऑपरेशनचा दिवस तुला आठवायचा प्रश्नच नाही, तू झोपलेली होतीस. पण आम्ही तुला बघत होतो. आतून! त्या डॉक्टरांची पद्धतच तशी, दुर्बिणीतून दिसतं ते बाहेरच्या टीव्हीवर नातेवाइकांना दाखवायचं. दाजी हाताची घडी घालून उभे होते, पलटणीत असल्यासारखे. पोटात हवा भरून फुगवलेलं, आत गुळगुळीत तांबडं यकृत, आणि त्याच्या वरच्या पडद्यामागं काहीतरी उड्या मारत होतं. तिथल्या सिस्टरला विचारलं तर ती म्हणाली, ते त्यांचं हृदय, पडद्यातून कळतं. आक्का, तुझं हृदय मी असं टीव्हीवर बघितलं. बिचारं एकटंच काम करत होतं.

मग एका कोपऱ्यातून लाल आलं. आधी धार, मग सगळाच टीव्ही लाल. बराच वेळ तसाच, आणि मग एकदम काळा.

दाजी तिथून निघून गेले. मी दाराशी तशीच उभी राहिले. दार उघडून सिस्टर सांगायला आली, की जिवंत आहेत, रक्त थांबलंय, पोट मात्र उघडावं लागलं. मी दाजींना शोधत जिन्यात गेले तर ते पायरीवर बसलेले, हातात फोन. त्यांनी गावाला कळवून टाकलं होतं. आक्का गेली म्हणून.

तिकडं माण तालुक्यात आपल्या वाडीत काय झालं ते तुला सगळ्यांनी तिखटमीठ लावून सांगितलंच आहे. चुली विझल्या. बायका दारात बसून रडल्या. लाकडं आली, हिरवं लुगडं आलं, कुंभाराकडून मडकं आलं. खरी बातमी पोचेपर्यंत अर्धं गाव तुझ्या नावानं आंघोळीला निघालं होतं.

पुढं आठवडाभर तुझ्या पोटात ठेवलेल्या नळीतून हिरवट पित्त येत राहिलं. दाजी डॉक्टरांच्या अंगावर धावून गेले, बाईच्या पोटातनं गळतंय म्हणून. डॉक्टर म्हणाले, असं होऊ शकतं म्हणूनच ती नळी ठेवली होती, नाहीतर ते आतच साचलं असतं. हळूहळू थांबलं. पण दाजींच्या डोक्यातून काही गेलं नाही. दुर्बिणीचं सांगितलं आणि फाडलं, एवढंच ते धरून बसले.

आणि तू? तू गावी पोचलीस, दारातलं मडकं बघितलंस आणि म्हणालीस, "कोरं हाय, फेकताय कशाला?" आणि त्यात प्यायचं पाणी भरलंस! सासूबाई किंचाळल्या, पोरं घरात पाणी प्यायला घाबरायची. तू मात्र रोज त्यातलंच पाणी पीत होतीस. कुणी काही बोललं की म्हणायचीस, डोक्याला कावळा शिवला तर अपशकुन टळावा म्हणून लोक मुद्दाम मेल्याची खोटी बातमी धाडतात, नात्यातली माणसं रडली की आयुष्य वाढतं. माझ्यासाठी तर अख्खं गाव रडलंय, आता मी कसली मरते! हसायचीस. पण कधी कधी हसता हसता माझ्याकडं असं बघायचीस की मला तिथून उठून जावंसं वाटायचं.

चार वर्षं जगलीस. जायच्या थोडं आधी ते मडकं मला दिलंस, सांगलीला यायच्या एसटीत माझ्या मांडीवर ठेवलंस. "तुझ्याकडं ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणालीस. का दिलंस गं? इतकं तरी सांगायचंस.

गेल्या भाद्रपदात तू शेळीची धार काढता काढता कलंडलीस. मेंदूत रक्तस्राव झाला, पोटाचा त्यात काही संबंध नव्हता. पण मी पोचले तेव्हा जे बघितलं ते अजून अंगावर येतं. आक्का, कुणीही रडत नव्हतं! तुझ्याभोवती बायका गोल करून बसल्या होत्या आणि सगळ्या तुझ्या छातीकडं बघत होत्या. एकीनं नाकाशी सूत धरलं होतं. शेजारची काकू मला हळूच म्हणाली, "थांब, उठंल. मागल्या खेपेलाबी असंच झालतं." चुली पेटलेल्याच होत्या. संध्याकाळ झाली तरी कुणी तुला उचलायला तयार होईना. मीसुद्धा बघत बसले होते. टीव्हीवर उड्या मारणारं ते हृदय मला ठाऊक होतं ना.

मलाही खडे आहेत असं कळलं तेव्हा दाजी मुद्दाम गावाहून आले. आपले आप्पा गेल्यापासून माझ्या घरातली मोठी गोष्ट त्यांना विचारल्याशिवाय होत नाही, आमच्या ह्यांचीही तीच रीत. दाजी चहा न घेता म्हणाले, त्या हॉस्पिटलात पाय ठेवायचा नाही, त्यानं माझं माणूस खाल्लं. मी म्हटलं, मग दुसऱ्या कुणाकडं जाऊ? तर म्हणाले, कुणाकडंच नको, पथ्य कर. आक्का, मला दोनदा कावीळ होता होता राहिली. एक खडा नळीत अडकला तर काय होतं ते डॉक्टरांनी मला नीट सांगितलंय. पथ्यानं खडे जात नाहीत. पण खरं सांगू? भीती मलाही होती. तो काळा टीव्ही माझ्याही डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

शेवटी मी दाजींनाच ओढत डॉक्टरांकडं नेलं. ते बसले नाहीत. उभ्या उभ्याच विचारलं, "त्या दिवशी टीव्ही का बंद केला? आमच्यापासून काय लपवलं?"

डॉक्टरांचे केस आता पांढरे झालेत. त्यांना तू आठवत होतीस. पित्ताशयाची रक्तवाहिनी असायला हवी तिथं नव्हती, म्हणाले, काहींची वेगळ्याच वाटेनं जाते. ती सुटली आणि दुर्बिणीची काच रक्तानं माखली. अशा वेळी अंदाजानं चिमटा मारायचा मोह होतो, आणि तिथंच घात होतो, कारण शेजारीच पित्ताची मुख्य नळी असते. ती चिमट्यात सापडली की माणूस आयुष्यभर भोगतो. म्हणून आधी आतून कापसाची घडी दाबून धरली आणि थांबले. रक्त कमी झालं, पण जागा दिसेना. मग हट्ट सोडला आणि पोट उघडलं. दुर्बीण सोडून पोट उघडणं ही हार नाही, असं ते दाजींना दोनदा म्हणाले.

आणि मग म्हणाले, "मी काही बंद केलं नाही. दुर्बीण बाहेर काढली, म्हणून पडदा काळा झाला. तेव्हा आत माझा हात होता. ती नस मी बोटात धरून उभा होतो."

दाजी खुर्चीत बसले. एवढी वर्षं ज्या क्षणाला आम्ही तुझं मरण समजत होतो, त्याच क्षणी कुणीतरी तुला धरून ठेवलं होतं. तू मात्र त्या काळोखाबद्दल एकदा मला म्हणाली होतीस, की आत कुणाचा तरी हात होता. मी भुलीचा परिणाम म्हणून सोडून दिलं होतं.

कागदावर आता आधीच लिहून घेतात, गरज पडली तर पोट उघडायला परवानगी. साक्षीदार म्हणून दाजींनी सही केली. बाहेर आल्यावर जिन्यात, त्याच पायरीवर, ते थांबले. डोळे भरलेले. म्हणाले, "आशे, गावाला फोन लावू का? तू गेलीस म्हनून? तिला चार वर्सं पुरली."

ते थट्टा करत नव्हते गं. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, नको दाजी. आता कुणी रडणार नाही. आपलं गाव आता बसून वाट बघतं.

तर आक्का, सोमवारी मी जाणार. दाजी बाहेर उभे राहतील. पडदा काळा झाला तर फोन काढायचा नाही, दाराकडं बघत राहायचं, असं त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलंय. तुझं मडकं मी घासून, भरून, ओट्यावर ठेवलंय. कालपासून कुणी त्याला हात लावला नाही, तरी पाणी दोन बोटं खाली गेलंय. ऊन आहे, मडकं पाझरतं, मला कळतं. तरी मी ते परत काठोकाठ भरलं.

डॉक्टर पाणी प्यायला परवानगी देतील तेव्हा पहिला घोट मी त्यातलाच घेईन, हे वचन. शरीरावर चार छोटी भोकं असोत नाहीतर तुझ्यासारखा वीतभर टाका.

तू दाराशी ये. मी तुझ्या दाराशी उभी होते, तशी माझ्या दाराशी उभी राहा. वाटलं तर खांद्यावर हात ठेव, मी काही म्हणणार नाही. पण आक्का, हाक मारू नकोस. आत मी झोपलेली असेन, हाका मोजायला जागी नसेन. तुझा आवाज आला तर मी पहिल्याच हाकेला ओ देईन.

तुझीच,
आशी