दाताचे दहा टक्के

१ मार्च, रविवार

आजपासून पैशाकडे शास्त्रीय नजरेनं बघायचं ठरवलं.

कारण मुखित. हा माझ्या हाताखाली काम करतो, म्हणजे साहेब रजेवर असले की करतो. सकाळी मांसबाजारात भेटला. घोड्याच्या बरगड्या घेतल्या, फोन क्यूआरवर धरला, फोन टुंग वाजला. म्हणाला, ओरेके, दहा टक्के परत आले बघा. मी रोख दिले. माझं काहीच वाजलं नाही. घासाघीस तर मीच जास्त केली होती.

अल्माटीच्या गरम पाण्याच्या पाइपांच्या खात्यात मी अकरा वर्षं उपप्रमुख आहे. माझं नाव ओरिनबसार (आदरानं ओरेके), अर्थ ‘दुसऱ्याच्या जागी बसणारा’. वडिलांनी नाव ठेवताना जरा विचार करायला हवा होता. पण पैशाच्या बाबतीत मी कुणाचा उप नाही.

२ मार्च

निळ्या बँकेचं कार्ड की हिरव्या? ऑफिसच्या वेळात तुलना केली. हिरवं: सगळ्यावर दोन टक्के, सरळ रोखीत परत. बाळबोध. निळं: फोननं पैसे दिले तर ठरलेल्या कॅटेगरींवर दहा टक्के, दर महिन्याला कॅटेगरी बदलणार. याला डोकं लागतं. माझ्यासाठीच काढलंय.

घरी झिबागुलला समजावलं. ती म्हणाली, दात कोरून पोट भरतं का?

बायकोला अर्थशास्त्र कळत नाही. शिवाय तिच्या डोक्यात सध्या दातच आहे. हिवाळ्यात कुर्त चावताना तिच्या उजव्या दाढेचा टवका उडाला. वाळलेलं दही ते, पण दगडाला मागे सारेल. हा कुर्त माझ्या बहिणीनं गावाहून पाठवला होता, त्यामुळे या विषयावर मी फार बोलत नाही. डॉक्टर रौशाननी कॅपचे एक लाख वीस हजार तेंगे सांगितलेत. झिबानं शेजारपाजारच्या समारंभांना बौर्साक, म्हणजे पिठाचे फुगीर गोळे, तळून देऊन ते जमवलेत. गोधड्यांच्या चवडीत, खालून तिसऱ्या घडीत आहेत. मला माहीत नाही असं तिला वाटतं.

३ मार्च

कार्ड घेतलं. बँकेतली मुलगी, सिम्बात, फार नम्र. काका, इथं सही, काका, इथंही. पानं बरीच, अक्षर मुंगीचं. चष्मा ऑफिसात राहिला होता. अनुभवी माणसाला मथळे पुरतात.

कार्ड देखणं आहे. निळं, कडेला चंदेरी रेघ. वापर सगळा फोननं, कार्ड फक्त जवळ बाळगायचं. ऑफिसात दाखवलं तर मुखित म्हणाला, ओरेके, नवी वस्तू आहे, धुवायला नको का? धुतली, म्हणजे सगळ्या मजल्याला केक. केकवाली बाई फक्त रोख घेते.

३ मार्च, संध्याकाळ

आज मला जे सुचलं ते साहेबांना सात जन्मांत सुचणार नाही.

मार्चच्या कॅटेगरी: रेस्टॉरंट, टॅक्सी, फुलं. दंतचिकित्सा फेब्रुवारीत होती, पुन्हा येते अधूनमधून, असं सिम्बात म्हणाली. म्हणजे एप्रिलमध्ये येणार. तर्क सरळ आहे. तेव्हा झिबाचा दात एप्रिलमध्ये करायचा. फोननं पैसे द्यायचे, बारा हजार परत. दात तर होईलच, वर दाताचा नफा.

झिबाला म्हटलं, एक महिना डावीकडून खा. ती म्हणाली, दुखायचं उजवीकडे, खायचं डावीकडे आणि तुमचं ऐकायचं दोन्ही कानांनी, मला आणखी कामं नाहीत वाटतं? नौरीजच्या सणाला माहेरची सगळी येणार, त्यांच्यासमोर मी कोंबडीसारखी मान वाकडी करून खाऊ का? मी म्हटलं, नौरीज दरवर्षी येतो, दहा टक्के येत नाहीत. तिनं माझ्यापुढची बशी उचलली. मग म्हणाली, एप्रिल म्हणजे एप्रिल, घरधनी. ‘घरधनी’ ती फक्त धमकी द्यायची असली की म्हणते.

शब्द दिला. पुरुषाचा शब्द आहे.

८ मार्च, रविवार

बायकांचा दिवस. कोपऱ्यावर म्हातारी ट्यूलिप विकत होती, स्वस्त. पण रोख. मी शास्त्र सोडलं नाही. टॅक्सी केली, वर डोंगराच्या बाजूच्या मोठ्या दुकानात गेलो, क्यूआरवर फुलं घेतली, टॅक्सीनं परत. दोन्ही कॅटेगरी एका फेरीत. फुलं म्हातारीच्या तिप्पट महाग होती, पण त्यामुळे दहा टक्केही तिप्पट.

फोन टुंग वाजला नाही. बँकेत फोन केला. सिम्बात म्हणाली, काका, महिन्याला दीड लाखाच्या वर खर्च झाला की दहा टक्के सुरू होतात, खाली लिहिलंय. कुठं खाली? अगदी खाली.

झिबानं फुलं पाण्यात ठेवली. म्हणाली, छान आहेत, पण ही मऊ नाहीत, नाहीतर आज जेवणात घेतली असती. आजकाल ती पाव चहात बुडवून खाते.

११ मार्च

दीड लाख. इतका खर्च आम्ही कुठल्याच महिन्यात कधी केला नाही. काटकसर माणसाला कुठं आडवी येईल सांगता येत नाही.

१४ मार्च

तोडगा सापडला. खात्याचं नौरीजचं जेवण! दरवर्षी आम्ही अकरा जण हॉटेलात जेवतो, एक जण बिल देतो, बाकीचे आपापला वाटा त्याला फोनवर पाठवतात. दरवर्षी तो एक जण होऊ नये म्हणून मी हात धुवायला जातो. या वर्षी मी होणार. बिल कार्डावर. दीड लाख पार. दहा टक्के माझे. बाकीच्यांचे वाटे माझ्या खात्यात, आणि कार्ड उधारीचं, बँकेला द्यायचे एप्रिलअखेर. म्हणजे लोकांच्या पैशांवर महिनाभर मी सावकार.

मुखितला सांगितलं, या वर्षी व्यवस्था माझ्याकडे. तो हातातला चहा खाली ठेवून बघत राहिला.

२२ मार्च, नौरीज

काल जेवण झालं. क्रमानं लिहितो, म्हणजे चूक कुणाची ते स्पष्ट होईल.

बेशबर्माकचं मांस उत्तम शिजलं होतं. तेमीरबोलात आजोबांनाही बोलावलं होतं. हे आमचे निवृत्त प्रमुख, ऐंशीच्या पुढचे; पाइपावर कान ठेवून गळती कुठं आहे सांगायचे. बिल आलं. एक लाख ऐंशी हजार. मी आनंदानं मनात दहा टक्के काढले. नेहमीप्रमाणे दोघातिघांनी, मी देतो, मी देतो, असं खिशाजवळ हात नेऊन म्हटलं. मी बोललोच नाही. फोन काढला, टेबलावरच्या क्यूआरवर धरला आणि दिले. वाटे नंतर घ्यायचे होते. मुखितनं तर फोन काढलाही होता, ओरेके, कितीकिती येतात, असं तो विचारतच होता.

तेवढ्यात आजोबांनी बघितलं. त्यांचे डोळे पाणावले. म्हणाले, या पोराला मी वीस वर्षं कद्रू समजलो, माझं चुकलं. आणि त्यांनी दोन्ही तळवे वर करून बाता द्यायला सुरुवात केली. तुझं ताट कधी रिकामं न राहो, तुझ्या दारात पाहुण्यांची रांग लागो, असा मोठा आशीर्वाद. बाता सुरू झाला की सगळ्यांनी तळवे वर करायचे. मुखितनं फोन खिशात ठेवला आणि तळवे वर केले. दहाही जणांनी केले. मीही केले, करतो काय. आमीन म्हणून सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले.

झालं. बाता मिळालेल्या जेवणाचे पैसे मागायचे म्हणजे उयात. लाज हा शब्द त्यापुढे थिटा आहे. माझ्या नातवंडांना लोक ‘बाता विकणाऱ्याचे’ म्हणून ओळखतील. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

असो. दहा टक्के तर कुठं गेले नाहीत. अठरा हजार.

२२ मार्च, दुपार

झिबाच्या माहेरचे सगळे आले. झिबा नुसतं कोजे, सणाचं दह्यातलं सूप, प्यायली, मांसाला हात लावला नाही. मेहुणीनं विचारलं तर म्हणाली, एप्रिलमध्ये खाणार आहे. सगळे माझ्याकडे बघून हसले. मीही हसलो.

२४ मार्च

फोन जेवणाच्या टेबलावर विसरलो. बँकेचा निरोप आला तो झिबानं वाचला. ‘आयसुलू सौंदर्यगृह, १,८०,०००.’

तिनं मला शांतपणे विचारलं, आयसुलू कोण?

मी म्हटलं, मला माहीत नाही. खरं बोललो, हीच चूक झाली. ती म्हणाली, ओळख नसताना एवढे दिलेत, असती तर घर लिहून दिलं असतं. मग माझ्या टकलाकडे बघून म्हणाली, बरं, पैसे दिलेत तर केस तरी कुठायत?

२५ मार्च

हॉटेलात जाऊन आलो. मालक म्हणाला, आयसुलू माझी बहीण, तिचं पार्लर आहे, माझा क्यूआर बंद पडला म्हणून महिनाभर तिचाच लावलाय, पैसे काय, घरातल्या घरातच. मालकाला आयसुलूसकट घरी आणून झिबापुढे उभं केलं. आयसुलू साठीची निघाली, भली बाई. जाताना झिबाला अर्ध्या दरात भुवया करून द्यायचं म्हणाली.

बँकेत: काका, सौंदर्यसेवा तुमच्या कॅटेगरीत नाही, त्यावर एक टक्का. अठराशे. आणि ते तेंगे नाहीत, बोनस आहेत.

बोनस म्हणजे काय ते विचारलं नाही. एका दिवसाला एवढं ज्ञान पुरे.

२८ मार्च

माझी कीर्ती पसरली आहे. ऑफिसात लोक उठून उभे राहतात. झिबाच्या चुलतभावानं फोन करून मुलाच्या बारशाला मुख्य पाहुणा व्हायला सांगितलं. मुख्य पाहुणा काय देतो ते मला माहीत आहे. ताप आल्याचं कळवलं.

१ एप्रिल, दुपार

सकाळी सहाला कॅटेगरी आल्या. पाळीव प्राणी. खेळणी. बागकाम.

तीनदा वाचल्या. आज एक एप्रिल आहे, बँक गंमत करत असेल म्हणून दुपारपर्यंत थांबलो. बँकेला विनोदबुद्धी नाही.

१ एप्रिल, रात्री

झिबानं विचारलं, उद्या जायचं ना रौशानकडे? मी म्हटलं, दोन-तीन दिवस थांब, कॅटेगरी दुरुस्त होतायत. खोटं नाही. होऊ शकतात.

९ एप्रिल

आज मन घट्ट करून झिबाशी बोललो. बँकेला एक लाख ऐंशी हजार द्यायचेत, पगारातून साठ हजार निघतात, उरलेले नाही दिले तर व्याज. ती उठली, गोधड्या एकेक खाली ठेवल्या, तिसऱ्या घडीतून पाकीट काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. म्हणाली, घ्या, आजोबांनी तोंडभर आशीर्वाद दिलाय, त्याचे पैसे बुडवायचे नाहीत.

ओरडली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, पुढच्या पगाराला पहिला खर्च तुझा दात. ती म्हणाली, ठेवा तिथं फोन, चहा गार होतोय. गोधड्या मी परत रचल्या. तिच्यासारख्या सरळ रचता येत नाहीत.

१८ एप्रिल

झिबाचा गाल सुजलाय. खालच्या बागेत जर्दाळू फुललाय, दरवर्षी बघायला जातो, या वर्षी नको म्हणाली. थंड वारा दाताला लागतो.

दातासाठी मुखितकडे उसने मागायला दोनदा त्याच्या टेबलापर्यंत गेलो. दोन्ही वेळा तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, या ओरेके, तुमच्यासारखा दिलदार माणूस नाही. परत आलो.

२१ एप्रिल

बँकेत गेलो. म्हटलं, सिम्बात बाळा, ते बोनस मला रोख दे. ती म्हणाली, काका, बोनस फक्त ठरलेल्या औषधांच्या दुकानात चालतात, आणि आज संध्याकाळी संपतात.

धावत गेलो. अठराशे बोनसमध्ये दातदुखीवर काय मिळेल ते विचारलं. लवंगेच्या तेलाची बाटली मिळाली, करंगळीएवढी. फोन टुंग वाजला. मार्चपासून पहिल्यांदा.

घरी आलो तर झिबा नाही. शेजारीण म्हणाली, सकाळपासून कळा येत होत्या, सरकारी दवाखान्यात गेली.

२१ एप्रिल, संध्याकाळ

दात काढला. तिथं काढण्याचे पैसे लागत नाहीत. डॉक्टर म्हणाला, मार्चमध्ये आला असतात तर वाचला असता.

मी बाटली पुढे केली. तोंडात कापूस होता, म्हणून तिनं आधी बाटलीकडे बोट दाखवलं, मग खड्ड्याकडे, मग खांदे उडवले. लावू कुठं?

तूपही गेलं, दातही गेला, हाती तेल आलं. मला फार वाईट वाटलं. या रोजनिशीत असली वाक्यं लिहायची नाहीत असं ठरवलं होतं, पण वाटलं.

२९ एप्रिल

सूज उतरली. झिबा पहिल्यासारखी बोलते, पण हसताना तोंडावर रुमाल धरते. पूर्वी ती हसली की खालच्या मजल्यावरची बाई छताला झाडू ठोकायची. आठवडाभर झाडू वाजला नाही.

१ मे, सकाळ

फोन वाजला तेव्हा मी चहा ओतत होतो, त्यामुळे झिबानंच वाचला. मे महिन्याच्या कॅटेगरी. दंतचिकित्सा, दहा टक्के.

मी किटली खाली ठेवली. तिनं फोन माझ्यासमोर सरकवला. मग म्हणाली, अजून बरेच शिल्लक आहेत, घरधनी, यातला कुठला हवाय? आणि रुमाल न धरता हसली. खड्डा दिसला. खालून झाडू वाजला.

नंतर ती बौर्साकाचं पीठ भिजवायला गेली. मी चवड उपसली आणि कार्ड खालून तिसऱ्या घडीत ठेवलं. तिथं आता जागा आहे.