चालीपुरते शब्द

३ फेब्रु.
शेवटचं पद टाइप करून अप्पांची वही मिटली. अप्पांनी चाळीस वर्षं हौशी मंडळींच्या संगीत नाटकांना पदं लिहिली. पुस्तक एकही नाही. ते गेल्यावर आता होतं आहे. शुक्रवारी प्रेसला द्यायचं.

पाणी आलं, उठा आता
दळण राहिलं ओट्यावर
चष्मा तुमच्या खिशात आहे
शोधू नका घरभर

एकही अलंकार नाही. ऐंशीव्या वर्षी अप्पा इथवर पोचले. प्रस्तावनेत यावर दीड पान. पाणी म्हणजे काळ, असं लिहिलं.

५ फेब्रु.
नरसय्याकाका आले. अप्पांच्या नाटकांत चाली आणि पेटी त्यांची. हातमागावरून उठून तालमीला यायचे. वाचून दाखवलं. ठसका लागेतो हसले.
"पोरी, हे पद न्हाय. भर हाय."
आधी चाल व्हायची. ती निसटू नये म्हणून अप्पा हाताशी असतील ते शब्द मात्रा मोजून बसवत. खरे मागाहून. या चालीचे खरे शब्द राहूनच गेले.
"काढून टाक. लई तोलून लिहायचा तुझा बाप. हे छापलंस तर लोक हसतील त्याला."
पस्तीस वर्षं कॉलेजात कविता शिकवली मी. काळ!

६ फेब्रु., सकाळ
दीड पान खोडलं. आई शेंगा निवडत होती. शेवटचं पद गाळते आहे म्हटलं. वाच म्हणाली. वाचलं.
हात थांबले. "हे मी बोलले होते त्यांना. अगदी असंच."
अप्पांनी नाटकांतल्या राण्यांना पदं दिली. आईवर एक ओळ नाही. तिने कधी विषय काढला नाही.
"दळणाचं कसलं छापतेस. शोभतं का?"
परत शेंगा. मग, वर न बघता: "कुठल्या पानावर होतं?"

दुपार
काकांना फोन. आईचं सांगितलं. म्हणाले, छापायचं तुमचं तुम्ही बघा. आधी फोन वहिनींच्या कानाला लाव. पेटी ओढल्याचा आवाज आला. फोन आईला देऊन मी बाहेर गेले.
प्रेसला फाइल दिली नाही.

७ फेब्रु.
सकाळी प्रेसमधून फोन आला. शेवटचं पान मोकळं ठेवा, आईला विचारून सोमवारी कळवते, असं सांगितलं.