काठाचे गप्पी कोणाला द्यावेत

मी, नामाजी लखमाजी गडदे, वय वर्षे अडुसष्ट, पूर्वीचा धंदा हिवताप खात्यात क्षेत्र कर्मचारी, सध्या घरीच, राहणार आखाडा बाळापूर, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली, पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्या धाकाने वा भरीला पडून नव्हे, तर स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो की, माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंची व्यवस्था खाली लिहिल्याप्रमाणे करावी. माझे डोके शाबूत आहे. एका बाबतीत मात्र दसऱ्यापासून गोंधळ उडालेला आहे. ती बाब कलम चारमध्ये येईल.

कलम १. राहते घर, मागच्या अंगणासह, माझी पत्नी सत्यभामाबाई हिचे. अंगणातले माझ्या माशांचे सिमेंटचे हौद तिने मोडू नयेत, असे लिहिणार होतो. पण ती इतकी वर्षे त्यांना वळसा घालून धुणे वाळत टाकते आहे. तिला मोडायचे असल्यास मोडावेत.

कलम २. पुसेगावची जमीन आमची एकुलती मुलगी राधिका हिला द्यावी. माझा चुलतभाऊ हरिचंद याचा त्या जमिनीवर काही हक्क नाही. मी गावाला गेलो असता हौदाचे पाणी हिरवे दिसले म्हणून याच गृहस्थाने त्यात ब्लीचिंग पावडर टाकली होती. मन चांगले होते असे सगळे म्हणतात. त्या पावडरीचा रिकामा डबा मी जपून ठेवला आहे, तो हरिचंदला द्यावा.

कलम ३. काचेच्या बरण्या, राधिकेच्या जुन्या ओढणीची जाळी, बॅटरी आणि डासांच्या अळ्या पाण्यातून काढून पाहण्याचा पांढरा डाव. ही हत्यारे ज्याला मासे मिळतील त्याला. म्हणजे हे कलम चौथ्यावर अवलंबून आहे आणि तूर्त कोरे समजावे.

कलम ४. मासे. डास वाढू नयेत म्हणून आमचे खाते विहिरींत गप्पी मासे सोडायचे, ते बादलीने वाहून नेणे हे माझे काम. साधे, राखी रंगाचे. पुढे नांदेडला डोळे दाखवायला गेलो असता एका दुकानात त्याच जातीचा एक नर पाहिला. त्याची निळी शेपटी अंगाहून मोठी होती. मला ते खरेच वाटेना. तो आणला आणि त्याचे नाव सरदार ठेवले.

माझा मेहुणा शिवहार, म्हणजे सत्यभामाबाईचा एकुलता भाऊ, सिद्धेश्वरला धरणाजवळ राहतो. त्यालाही माझ्यामुळे हा नाद लागला. त्याच्याकडे लाल नर होता. त्याच्या हौदातली एक मादी मी मागून आणली आणि सरदारजवळ सोडली.

आमचे घराणे मेंढरांचे. आमच्या वाड्यात अशी रीत होती की गाभण मेंढी विकत आणली तर पहिले कोकरू देणाऱ्याला परत करायचे, त्यापुढची आपली. म्हणून त्या मादीची पहिली वीण मी एसटीने जाऊन शिवहारला पोचती केली. वडिलांनी घालून दिलेली रीत मी माशांतही मोडली नाही. पुढच्या विणींतली पिल्ले मोठी झाल्यावर त्यांची एकमेकांशी जुगवणी केली. त्यांच्या पोटी एक नर असा निपजला की निळ्या शेपटीला कडेने भगवा काठ, लुगड्याला असतो तसा. मग मी वर्षानुवर्षे तेच केले. ज्याचा काठ तुटक त्याला विहिरीत सोडायचे, ज्याचा अखंड त्याला ठेवायचे. नांदेडचे दुकानदार बाळापूरला माझे घर विचारत येऊ लागले. मला फार अभिमान वाटायचा.

सिद्धेश्वरला जेवायला गेलो असता शिवहार भर पंगतीत म्हणाला, "दाजी, ह्यो काठ माज्या लाल नराचा हाय."

मी म्हणालो, "पहिली वीण तुला पोचती केली न्हाई का? मग त्याच्यापुढची माजी."

"मासे काय मेंढरं हायत व्हय?"

मी ताटावरून उठलो. बाप-आजांचा धंदा काढल्यासारखे वाटले मला. सत्यभामाबाईलाही उठावे लागले. तेव्हापासून तिची राखी पोस्टाने जाते आणि शिवहारची साडी कोणाच्या तरी हाती येते. तिने तोंडाने कधी काही म्हटले नाही, पण सिद्धेश्वरची गाडी लागली की ती स्टँडकडे बघत नाही.

आता गोंधळाचे कारण लिहितो. यंदा हिंगोलीला दसऱ्याच्या प्रदर्शनात माशांच्या स्टॉलवरची मुलगी म्हणाली, "काका, गप्पीची मादी नराचं बीज पोटात साठवून ठेवते. नर काढून घेतला तरी कित्येक महिने वितच राहते." मी तिला पुन्हा पुन्हा विचारले. तिने पुन्हा पुन्हा तेच सांगितले.

म्हणजे दुसरी वीणसुद्धा लाल नराची असू शकते. तिसरीही. निळी शेपटी सरदारची, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण काठ? मग शेपटी माझी आणि काठ शिवहारचा असे धरावे, तर शेपटीवेगळा काठ कसा वाटून द्यायचा? आणि तुटके काठ काढून टाकण्यात माझी इतकी वर्षे गेली, ती कोणाच्या खात्यात? मला काही उमगत नाही. जे आपले आहे की नाही हेच ठाऊक नाही, ते मृत्युपत्रात लिहिता येते का, हेही कोणी सांगत नाही.

म्हणून पहिल्यांदा लिहिले, निम्मे शिवहारला, निम्मे राधिकेला. ते खोडले. मग लिहिले, नर शिवहारला आणि माद्या राधिकेला. लगेच लक्षात आले की माद्यांच्या पोटात नरांचे बीज आहेच. तेही खोडले. शेवटी असे ठरवले: माझ्या मृत्यूनंतर सगळे मासे शिवहारला द्यावेत. ते सत्यभामाबाईनेच बादलीतून न्यावेत, दुसऱ्या कोणी नाही. नव्या पाण्यात मासे एकदम सोडायचे नसतात, थोडेथोडे पाणी मिसळावे लागते. तेवढे दिवस तिने माहेरी राहावे.

हे कलम मी तिला वाचून दाखवले. ती गहू निवडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "माज्या माहेराची वाट तुमच्या तिरडीवरून काहून जाते?"

मी कागदाची घडी घालू लागलो.

"बादली धुऊन ठेवा," ती म्हणाली. "मी सकाळच्या गाडीनं जाऊन राहिले."

कलम ४ (दुरुस्ती). वरील कलम आता निरुपयोगी झाले आहे, कारण मासे गेले आणि मी जिवंत आहे. सत्यभामाबाई माहेरी होती तोवर मी रिकाम्या हौदापाशी बसून हा कागद पुरा करावा की फाडावा याचा विचार करत होतो. मग ती परतली. तोंडावरून दहा वर्षांनी लहान झाल्यासारखी दिसत होती. तिच्यामागून शिवहार बादली घेऊन आला. बादलीत निम्मे मासे होते. कोणते निम्मे, ते मी विचारले नाही. तो जेवायला बसला, तेव्हा काठाचा विषय मी काढला नाही आणि त्यानेही काढला नाही. मला फार बरे वाटले.

तरी आता उरलेले निम्मे कोणाला द्यावेत हे मला सुचत नाही. ते सत्यभामाबाई ठरवेल. हत्यारेही तीच देईल.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिले, खाडाखोड माझीच आहे, आणि दोघा साक्षीदारांसमोर सही करत आहे.

ठिकाण: आखाडा बाळापूर
दिनांक: १९ नोव्हेंबर २००६

नामाजी लखमाजी गडदे (सही)

साक्षीदार:

१. रामसिंग पेमा राठोड, हिवताप खात्यातील जुना सोबती (सही)

२. शिवहार पोले, राहणार सिद्धेश्वर (सही). दाजींनी माज्यासमोर सही केली. दाजी बराबर शुद्धीत हायत. काठाच्या बाबतीत मात्र न्हाईत.