माझी हरकत आहे

३ फेब्रुवारी

आधी सगळ्यांची विचारपूस, मग बाकीचं. थोरलीची कंबर कशी आहे? शाळेत दिवसभर उभी राहून शिकवते, दुखत असणारच, पण तोंडाने सांगायची नाही. धाकट्याचा खोकला? परवापर्यंत तरी होता. सूनबाईंचे पाय अजून सुजतात का? आठवा लागलाय, सुजणारच. माझे डोळे? दोरा तिसऱ्या खेपेला का होईना सुईत जातो, म्हणजे बरे आहेत. आणि विहीरबाई, तू कशी आहेस? आज पाणी दोन पायऱ्या खाली दिसलं. जप स्वतःला.

समोर विचारायला कोणी नसतं, म्हणून पानालाच विचारते. पान तरी ऐकून घेतं.

तर पाइपलाइन. वर डोंगराकडे तेल लागलंय, ते जमिनीखालून बंदरापर्यंत न्यायचंय. माणूस आत रांगत जाईल एवढा जाड नळ. तो आमच्या ओळीतल्या घरांच्या परसातून जाणार. बाकी सगळ्यांनी होकार दिला. उरले मी. थोरली म्हणते, कायदाच तसा आहे — सुनावणीत एका जरी घराने हरकत घेतली, तर लाइन डोंगरामागून वळवावी लागते. नाही घेतली तर माझी विहीर बुजवणार. तेलाच्या शेजारी विहीर ठेवत नाहीत म्हणे.

ह्यांनी स्वतः खणलेली विहीर. नळाला पाणी नसलं की अख्खी गल्ली अजून तिच्याकडेच कळशी घेऊन येते.

थोरली ‘नको’वाल्यांची पुढारी. धाकट्याला लाइन हवी. त्याचं तरी काय चुकलं? कारखाना बंद पडल्यापासून लाउडस्पीकर भाड्याने देतो आणि कुठे सभा आहे का बघत बसतो. लाइन आली तर वायरमनची कायमची नोकरी. दोघं चहाला माझ्याकडेच येतात, पण वेळ चुकवून. एकाचा कप विसळते तोवर दुसरं दारात.

६ फेब्रुवारी

शिलाईच्या मशीनवर दोन्हीकडचे झेंडे. हिरवे ‘नको’चे, पिवळे ‘हवी’चे. दुकान म्हणजे माझी पुढची खोली, पण सध्या विधानसभा झालीय.

ट्रकवाला म्हणाला, “रस्ता होईल, दवाखाना होईल. विकास कशाला म्हणतात मग?”

जुने पोस्टमास्तर पँटची लांबी कमी करायला आले होते. म्हणाले, “दवाखाना व्हायलाच हवा. तेल मुरलेलं पाणी प्यायल्यावर लागणारच.”

“मास्तर, तुम्हाला पेन्शन आहे. तुम्हाला गंमत सुचते.”

“अरे, पेन्शन आहे म्हणूनच जगायचंय मला.”

मग दोघं माझ्याकडे वळले. मावशी, तुम्ही कोणाच्या? मी म्हणाले, मी दोऱ्याची. हिरव्यात हिरवा, पिवळ्यात पिवळा. हसले दोघंही. मला मात्र हसू आलं नाही.

९ फेब्रुवारी

थोरली तालीम घ्यायला आली. मला समोर खुर्चीत बसवलं, स्वतः उभी. अगदी बाईंसारखी.

“आई, म्हण. माझी हरकत आहे.”

“माझी हर—” आणि मला हसूच फुटलं. काय करू? जन्मात हे वाक्य तोंडातून गेलेलं नाही. गिऱ्हाईक आठवड्याने उगवलं — हरकत नाही. माप स्वतःच चुकीचं दिलं आणि बाही उसवायला परत आणली — हरकत नाही. पायावर पाय पडला तरी तेच. गल्लीतली पोरं मला हरकतमावशी म्हणतात. हे म्हणायचे, मरण दारात येऊन उशिराबद्दल माफी मागेल आणि तू त्यालाही म्हणशील, हरकत नाही, बसा.

थोरली हसली नाही. “एकच शब्द बदलायचाय गं. ‘नाही’च्या जागी ‘आहे’. तेवढं माझ्यासाठी कर.”

ती गेल्यावर भांडी घासताना म्हणत राहिले. माझी हरकत आहे. माझी हरकत आहे. कढईलाच दटावतेय असं वाटत होतं.

संध्याकाळी धाकटा आला. त्याला सगळं ठाऊक होतं. चहा अर्धा टाकला. म्हणाला, “आई, तुला पटेल ते बोल. मी काही म्हणणार नाही.” मग उठताना, पाठमोरा होऊन — “बाळ यायचंय, एवढं लक्षात असू दे.”

१२ फेब्रुवारी

आज सुनावणी झाली.

सभागृह गच्च. माइक आणि भोंगे धाकट्याचेच. सरकारी काम मिळालं म्हणून सकाळपासून तारा ओढत होता. अधिकारी साहेबांनी सुरुवातीलाच बजावलं — जे माइकवर बोललं जाईल तेच नोंदीत जाईल, जागेवरून ओरडू नका.

आमच्या ओळीचं नाव यायला दुपार टळली. पुढारी बोलले, त्यांच्यावरचे पुढारी बोलले. एक म्हणाला देश पुढे जातोय, दुसरा म्हणाला खड्ड्यात जातोय. दोघांनाही टाळ्या सारख्याच. माझी बसून बसून कंबर धरली. शेवटी माझं नाव घेतलं. थोरलीने खांद्याला हात लावून उठवलं. तिचा हात गार होता.

मी माइकपुढे उभी राहिले. वाक्य जिभेवर तयार. तेवढ्यात साहेब उठले. तरुण माणूस, चांगल्या घरचा वाटला. हात जोडून म्हणाले, “आजी, माफ करा, फारच ताटकळत ठेवलं तुम्हाला.”

आणि मी म्हणाले, “हरकत नाही.”

भोंग्यांतून ते सगळ्या सभागृहात घुमलं. हरकत नाही. आधी कोणाला कळलंच नाही. मग पिवळ्या झेंड्यांकडून टाळ्या सुरू झाल्या. मी म्हणत होते, अहो, ते तसं नाही, माझी हरकत आहे! पण माइक गेला होता. तोंडासमोरचं ते लोखंड नुसतं गार. माझा आवाज मलाच ऐकू येईना. थोरली उभी राहून ओरडली, तिला पोलिसांनी खाली बसवलं. साहेबांनी कारकुनाकडे बघितलं, कारकुनाने मान हलवली आणि लिहिलं. पुढचं नाव पुकारलं.

पुढच्याच्या वेळी माइक चालू झाला होता. माझंच नशीब.

१३ फेब्रुवारी

थोरली आली. बसली नाही.

“शेवटी मुलगाच ना तुझा.”

“अगं, माइक बंद पडला—”

“आई, ते दोन शब्द बोललीस तेव्हा चालू होता.”

चहा तसाच राहिला. साय धरली.

१९ फेब्रुवारी

कचेरीत जाऊन आले. सुनावणीतलाच कारकून होता, भला माणूस, बसायला खुर्ची दिली. मी सांगितलं, ते मी साहेबांना म्हणाले, उशीर झाला म्हणून. लाइनबद्दल नाही.

“मावशी, कळतंय मला. पण तुम्ही ते कशाबद्दल म्हणालात हे लिहायला रकाना नाही.”

“मग आता लिहून घ्या. माझी हरकत आहे.”

इतकं स्पष्ट म्हणाले! एकदाही अडखळले नाही. थोरली असती तर पाठ थोपटली असती.

“आता मुदत संपली. हरकत सुनावणीतच घ्यायची असते.”

निघताना म्हणाला, उगाच खेप पडली तुम्हाला, माफ करा. मी जीभ दातांत धरली. नुसती मान हलवली. ते दोन शब्द आता माझ्या तोंडून जाणार नाहीत. ठरवलंय.

२७ फेब्रुवारी

टीव्हीवर विधानसभा दाखवली. शेजारीण धावत बोलवायला आली, मावशी, तुमच्यावर चाललंय.

मंत्री म्हणाले, “अहो, जिच्या परसातून लाइन जाते त्या माउलीने भर सभेत सांगितलं, हरकत नाही. मग तुमचीच कशी असते?”

विरोधातले एक उठले. “माउलीला पुढचं बोलू दिलं का?”

“तुम्ही तुमच्या काळात माउलीला नळाचं पाणी दिलं का?”

मग जो गदारोळ. अध्यक्ष घंटा वाजवतायत, कागद उडतायत. माझ्यावरून एवढी माणसं भांडली, पण माझ्या दारात येऊन एकाने विचारलं नाही — बाई, तुला म्हणायचं काय होतं?

९ मार्च

‘हवी’कडचा एक नवा पोरगा मोठा कापडी फलक घेऊन आला. चारी बाजूंनी दुमडून शिवायचा होता. उलगडून बघितला. त्यावर लिहिलेलं — ‘आजींची हरकत नाही, तुमची का?’

त्याला ठाऊक नव्हतं. म्हणाला, “जरा घाईचं आहे हो, आजी. चालेल ना?” सवयीने तोंड उघडलंच होतं. मिटलं. घडी करून कापड परत दिलं. म्हणाले, डोळे दुखतात माझे.

चौकातल्या दुसऱ्या शिंप्याकडून करून घेतला त्याने. संध्याकाळी लावलेला बघितला. कड वेडीवाकडी, एक कोपरा मोकळाच फडफडतोय. आणि मला त्या कडेचंच वाईट वाटत राहिलं. काय म्हणावं स्वतःला?

१५ मार्च

विधानसभेत मतं पडली. लाइन होणार.

४ एप्रिल

नात झाली. नाक थोरलीसारखं. धाकट्याला लाइनवर नोकरी लागली, त्याच आठवड्यात. दोन आनंद एकदम आले आणि घरात लाडू वाटायला मी एकटी.

थोरलीने बदली मागून घेतली, दुसऱ्या गावी. मला शेजारणीकडून कळलं. पत्ता शाळेतून मिळवला आणि पत्र टाकलं. आधी तिची कंबर, मग बाळाचं नाक, मग तेच — बाई, माइक बंद पडला गं, नाहीतर पुढचं वाक्य जिभेवर तयार होतं. खाली लिहिलं, लवकर उत्तर पाठव.

धाकटा हल्ली फार गुणी झालाय. न सांगता मशीनचा दिवा बदलला, पट्टा बदलला, दाराच्या बिजागरीला तेल घातलं. सगळं दुरुस्त करत सुटलाय. जेव म्हटलं की मात्र घाई असते. माझ्याकडे बघून बोलत नाही. थकत असेल. नवी नोकरी.

२२ एप्रिल

पोस्टमन सायकल न थांबवताच मान हलवून पुढे जातो. हल्ली तोच आधी मान हलवतो. मला विचारावं लागत नाही.

११ मे

विहीर बुजवली.

यंत्र एकच, माणसं चार. मला वाटलं होतं दिवसभर चालेल. माझा एक ब्लाउज शिवून व्हायच्या आत आटोपलं. पहिले दगड पडले तेव्हा पाण्याचा आवाज आला. नंतरच्यांचा नुसता दगडांवर दगड. यंत्रावरच्या पोराने खाली उतरून डोक्यावरची टोपी काढली. कोणी सांगितलं त्याला? भला असेल आईबापांचा.

धाकट्याने त्या दिवशी काम दूर, दुसऱ्या टोकाला मागून घेतलं होतं. बरं केलं. त्याच्याने बघवलं नसतं.

शेजारीण म्हणाली, काळजी करू नका मावशी, टँकर सुरू करणार आहेत. ट्रकवाला आता टँकर चालवतो. पोस्टमास्तर त्याला म्हणाले, “घ्या, तुमचा विकास. नळीने भरून मिळतोय.” ट्रकवाल्याने मास्तरांची बादली मुकाट्याने आधी भरली.

१२ मे

सकाळी कळशी घेऊन मागे गेले. पाय आपले आपण गेले. तिथे सपाट माती. कळशी रिकामीच घेऊन उभी राहिले, मग परत आले.

२८ मे

थोरलीला तिसरं पत्र. तिच्याकडून अक्षर नाही. माझ्या बाजूने सांगण्यासारखं एकच आहे, माइकचं. तेच तेच किती वेळा लिहिणार? तरी लिहिलं. ते एक वाक्य पटलं तर येईल. तेवढीच आशा धरून आहे, आणि तीही झिजत चाललीय.

२ जून

दुपारी धाकटा आला. कामावर असायची वेळ. बाळाला माझ्या मांडीवर दिलं आणि समोर जमिनीवर बसला, लहानपणी बसायचा तसा.

“आई, माइक बंद पडला नव्हता.”

मी बाळाचं टोपडं सारखं करत होते.

“तू ते दोन शब्द बोललीस आणि माझ्या हाताने तार ओढली. ठरवलं नव्हतं गं. नोकरी दिसली, बाळ दिसलं, आणि हात गेला. पुढचं नाव पुकारलं तशी परत जोडली.”

रडत होता. एवढा मोठा बाप्या, बाळासमोर. “ताईला सांग. मला सांगायचं धाडस नाही. तू सांगितलंस तर ती तुझ्याकडे परत येईल.”

येईल. ते मलाही कळतं. माझ्याकडे येईल, आणि ह्याचं तोंड जन्मात बघायची नाही. ह्या पोरीला आत्या नाही राहायची.

त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आणि फेब्रुवारीपासून तोंडात धरून ठेवलेले ते दोन शब्द निघून गेले.

या खेपेला कोणी नोंदीत घेतले नाहीत.

३ जून

थोरलीला पत्र टाकलं. इथे उतरवून ठेवते.

‘तुझी कंबर कशी आहे? शेकत जा. धाकट्याचा खोकला गेला. सूनबाईंचे पाय उतरले. बाळ आता हसतं, नाक तुझंच आहे. माझे डोळे ठीक. सुनावणीत चूक माझीच झाली, बाई. माइकचा काही दोष नव्हता. उत्तर लवकर टाक.’