छपराखालचे चार जोड

३ फेब्रुवारी, मंगळवार

— तिसऱ्यांदा घासला तरी पाइप बसेना. डावीकडे नखाएवढी फट. ग्राइंडर पुन्हा लावला, पुन्हा उजेडाकडे धरून पाहिलं. पाइपाचं तोंड असं खोलगट घासावं लागतं की दुसऱ्या पाइपाच्या गोलाईवर ते चपखल बसेल. फटीतून उजेड आला तर जोड कच्चा. पाचव्यांदा बसला.

अप्पा गॅरेजच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते. बायकोचे वडील. चाळीस वर्षं बॉयलरचं वेल्डिंग केलं, त्यात डोळे गेले. आता फक्त उजेड-अंधार कळतो. माणूस ओळखतात ते आवाजावरून.

"किती घासताय, जावईबापू? पाइप शिल्लक राहणार आहे ना?"

"खाटेला एवढं कोणी बघत नाही," मी म्हटलं.

"ही खाट नाही."

हे ते रोज एकदा म्हणतात. मी दवाखान्याच्या खाटा बनवतो. एकोणीस वर्षं. खाट मोडली तर पेशंट फूटभर खाली येतो. गाडी उलटली तर सगळं वजन छपरावर. छपराखाली ती, माझी बायको.

गेल्या वर्षी चढणीच्या शर्यतीत तिला गाडी उतरवू दिली नाही. आत पिंजरा नाही म्हणून. त्याच्या आदल्या वर्षी वरच्या वळणावर एक गाडी तीन कोलांट्या खाऊन पडली होती. आत पाइपांचा पिंजरा होता, माणूस स्वतःच्या पायांनी बाहेर आला. तेव्हापासून नियम. ती घरी आली, हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "तू वेल्डर आहेस ना?"

शर्यत पंधराला. बारा दिवस.

५ फेब्रुवारी, गुरुवार

पिंजऱ्याचे पाय झाले. मागची कमान उभी, पुढची काचेपाशी उभी. चारही पाय गाडीच्या तळाला जाड पट्ट्यांवर पक्के केले. धरून हलवलं. पिंजरा हलला नाही, अख्खी गाडी हलली. बरं वाटलं.

आता दोन्ही कमानींना छपराखालून जोडणारे दोन आडवे पाइप. म्हणजे वर चार जोड. झालं.

अप्पांनी विचारलं, "पाय आत्ताच पक्के केले?"

"हो. पाय आधी. मग वरचं काही सरकत नाही."

"बरं," म्हणाले. त्यांनी "बरं" म्हटलं की मला माझ्या लग्नाची बोलणी आठवतात.

६ फेब्रुवारी

कारखान्यात जादा पाळी. गाडीला हात लावला नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

आज हात लागला होता! दुपारभर सीटवर उताणा पडून खालच्या बाजूने जोड केले. चारही. वरची बाजू उद्या. चालकाच्या बाजूचा मागचा जोड, तिच्या डोक्यामागचा, तो तर एकोणीस वर्षांत असा झाला नव्हता. एकसारखा, घट्ट घातलेल्या वेणीसारखा. मुखवटा काढून बराच वेळ बघत बसलो.

त्याच जोडाच्या वेळी बल्ब मिणमिणला. तिने टाकी भरायला पंप लावला होता. पंप लागला की घरभर दिवे मंद होतात. वेल्डिंगचं मशीनही त्याच मीटरवर आहे, कारखान्यातलं जुनं, मुकादमाला सांगून आणलेलं. पण हात थांबवला नाही. असा हात चालत असताना कोण थांबवतो?

अप्पा बाहेरून म्हणाले, "मघाशी आवाज बसला."

"कसला आवाज?"

"कढईत तळण पडतं तसा एकसारखा यायला हवा. मध्येच फुटफुट करायला लागला."

मी म्हटलं, "जोड बघा म्हणजे कळेल." बोलून गेलो. त्यांना बघता येत नाही. ते हसले. "तुम्हीच बघा आणि सांगा," म्हणाले.

सांगितलं. वेणीसारखा आहे म्हणून.

८ फेब्रुवारी, रविवार

वरची बाजू करायला घेतली. मशीनची तोटी आत जाईना.

पाइप आणि छपराचा पत्रा यांत बोट जाईल एवढीच जागा. तोटी आडवी धरली, तिरकी धरली, पुढची काच काढून तिकडून हात घातला. पोचत नाही. पाइपाचा खालचा आणि बाजूंचा भाग जोडलाय. वरचा, छपराकडचा, चौथाई उघडा. चारही जोडांना.

आणि मग कळलं. हे पाय पक्के करण्याआधी करायचं असतं. तळाला भोकं पाडायची, पाय त्यातून वीतभर खाली सोडायचे. पिंजरा खाली येतो, छपराखाली हात घालायला जागा होते. जोड सगळ्या बाजूंनी पुरे करायचे, मग पिंजरा उचलून पाय शेवटी पक्के. पाय शेवटी. मी आधी केले. खाटेचे आधी करतात.

अप्पांनी विचारलं होतं.

आता पाय कापायचे तर चारही पट्ट्या नव्या, आठवडा जाईल, आणि मी दिवसा कारखान्यात. छप्पर कापायचं तर कापलेल्या छपराची गाडी पंधराला शर्यतीत कोणी उभी करू देणार नाही. काहीही केलं तरी शर्यत गेली. पुन्हा एक वर्ष.

पाऊण जोड आहे. पाऊण म्हणजे थोडं नाही. पाऊण जोडाची खाट कधी मोडलेली मी पाहिली नाही.

जेवताना तिने विचारलं, "झाले जोड?"

"झाले," म्हटलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

पुट्टी भरली. वरच्या चौथाईत, चारही ठिकाणी, बोटाने. रंग एकसारखा बसावा म्हणून.

रंग एकसारखा बसावा म्हणून — हे मी कोणाला सांगतोय?

१० फेब्रुवारी, मंगळवार

रंग दिला. राखाडी. तो वाळायच्या आत ती हेल्मेट घालून सीटवर जाऊन बसली. पट्टे लावले. डोकं मागे टेकवलं, डावीकडे, उजवीकडे. हेल्मेट कुठेच लागत नाही. तेवढं माप मी नीट घेतलं होतं, हेल्मेटसकट.

"हात लावू नकोस, ओलं आहे," मी म्हटलं.

तिने वर बघितलं. "सुंदर झालंय रे."

१२ फेब्रुवारी, गुरुवार

काल सांगायचं ठरवलं होतं. आजही ठरवलं होतं.

ती गाडी चालवायला शिकवते. दिवसभर दुसऱ्यांच्या भीतीच्या शेजारी बसायचं, पाय जादा ब्रेकवर. घरी आल्यावर एकेकाच्या नकला करते. आज बँकेतल्या बाईची केली, जी वळताना डोळे मिटते. अप्पा ठसका लागेपर्यंत हसले. मग ती म्हणाली, "तिने मला विचारलं, तुम्हाला त्या चढणीवर भीती नाही का वाटत? मी म्हटलं, पिंजरा नवऱ्याने केलाय. माणूस वैताग आणेल, पण कच्चं काम करणार नाही."

मी म्हटलं, "मीठ दे."

अप्पांचं तोंड माझ्याकडे वळलं. भाजीत मीठ भरपूर होतं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

क्लबचा तपासनीस येऊन गेला. मी अर्धी रजा टाकली होती. हात खिशात ठेवले.

बारीक माणूस, बॅटरी आणि काडीवर बसवलेला छोटा आरसा. एका पाइपाला बारीक भोक पाडून जाडी मोजली. बरोबर आली. पाय ठोकून पाहिले. मग आरसा छपराखाली सरकवला. पहिला जोड, दुसरा. आरशात राखाडी रंग दिसत असणार. गुळगुळीत.

तिच्या डोक्यामागच्या जोडापाशी थांबला. अंगठा फिरवला. "हा कोणी केला?"

"नवऱ्याने," ती म्हणाली.

"आमच्याकडे येणाऱ्या दहा पिंजऱ्यांत एकालाही असा जोड नसतो."

पास झाल्याचा हिरवा कागद चिकटवला काचेवर. सही केली. त्याला चहा दिला. तिने मला चिमटा काढला, कौतुकाचा. मी हसलो.

अप्पा आत होते. रेडिओ बंद करून बसले होते.

१४ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी ती टायर आणायला गेली. मी बोल्ट आवळत होतो. अप्पा भिंतीला धरून गॅरेजमध्ये आले. "जावईबापू, मला गाडीत बसवा. मुलगी कशात बसणार ते बघू द्या."

बसवलं. त्यांनी हात वर केले. वेणीवाल्या जोडावरून बोटं फिरवली, मान हलवली. मग दोन बोटं पाइप आणि छपराच्या मधे घातली. त्यांची बोटं आता काड्यांसारखी झालीत, सहज गेली. तिथेच थांबली. मग पुढचा जोड. मग मला म्हणाले, "पलीकडे बसवा." पलीकडे बसवलं. तिसरा. चौथा.

बोटं शर्टाला पुसली.

"पुट्टी गुळगुळीत लागते," म्हणाले. "लोखंड इतकं गोड नसतं."

मी पाना खाली ठेवला. म्हटलं, "पाऊण जोड पक्का आहे, अप्पा."

"असेल."

"पाय आधी केले. तेव्हा लक्षात आलं नाही."

"माझ्या आलं होतं. मला वाटलं, तुमची काही युक्ती असेल. मीही बोललो नाही. आपल्या दोघांची चूक." बोट वर छपराकडे केलं. "पण पुट्टी तुमची एकट्याची."

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. अप्पा म्हणाले, "माझ्या हाताखाली एक जण होता. बॉयलरमध्ये पुट्टी भरायचा नाही, न पोचलेली जागा येऊन सांगायचा. एकदाच सांगितली नाही." त्यापुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही.

"ती आली की तुम्ही सांगता, का मी सांगू?"

"मी सांगतो."

तिन्हीसांजेला सांगितलं. ती टायर चढवत होती, गुडघ्यावर. मी उभ्यानेच सांगितलं. पाय आधी केले, वर हात पोचला नाही, चौथाई राहिली, पुट्टी भरली, रंग दिला. एका दमात. तिने मान वर केली नाही, पण पाना थांबला.

"कधीपासून माहीत आहे?"

"रविवारपासून."

"म्हणजे मी विचारलं, झाले जोड, तेव्हा."

"हो."

"काल तो आरसा फिरवत होता तेव्हा मी तुझ्याकडे बघत होते. मला वाटलं, नवरा घाबरलाय, माझ्यासाठी." ती उठली. "आज का सांगतोस?"

"अप्पांना कळलं."

खोटं बोलायला हवं होतं का? आता पुरे झालं खोटं.

"अप्पांना कळलं नसतं तर?"

याचं उत्तर इथेही लिहिता येत नाही.

ती रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं. शिकवताना ती वापरते त्या आवाजात म्हणाली, "माझ्याकडे पहिल्या दिवशी येणाऱ्यालाही मी सांगते, ब्रेक लागत नसेल तर लाज वाटून घेऊ नका, आधी बोला." मग गाडीत बसली. दार लावून घेतलं. काचेवर हिरवा कागद, त्याच्या मागे ती. हात वर गेले. बोटं छपराखाली.

बाहेर आली तेव्हा नखांत राखाडी रंग होता.

"सकाळी सात वाजता ग्राइंडर काढ," म्हणाली. "छप्पर कापू."

"आणि शर्यत?"

"तू विचारू नकोस ते."

१५ फेब्रुवारी, रविवार

सकाळी सात. छप्पर कापलं. ग्राइंडर तिने धरला, पत्रा मी. चारही जोड उघड्यावर आले. पुट्टी खरवडून काढली.

अप्पांनी हातोडी मागितली. बोटाने जागा चाचपून एकेक जोड ठोकला. तीन खणखणीत वाजले. पाऊण होते तरी. चौथा बद्द वाजला. तिच्या डोक्यामागचा, वेणीवाला. दुसऱ्या घावाला पाइप कमानीपासून सुटला आणि लटकला. जोड नुसता वर बसला होता. खाली लोखंड वितळलंच नव्हतं. माझ्या ग्राइंडरचे ओरखडे तसेच चकाकत होते.

अप्पा म्हणाले, "त्या शनिवारी आवाज बसला होता तो हा. पंप लागला आणि मशीनला वीज पुरली नाही."

नऊ वाजले. पहिली गाडी सुटली असेल. ती घरात गेली, पंपाचं बटण बंद केलं आणि त्यावर चिकटपट्टी लावून आली. मग मुखवटा माझ्या हातात दिला.