तीन बाहेर, दोन आत

आदरणीय व्याहीबुवांस,

साष्टांग नाही (गुडघे ऐकत नाहीत), पण मनापासून नमस्कार. विहीणबाईंचा खोकला उतरला असेल असं धरून चालतो. इकडे सर्व कुशल. फक्त आपली कन्या, म्हणजे माझी सून, चार दिवस माझ्याशी बोलत नाही. चहा टेबलावर येतो, पण तो कोणी आणला हे चहानंच सांगायचं. लोक उलटसुलट कळवतील, म्हणून मीच लिहितो.

तिची शाळेतली जीवशास्त्राची नोकरी पाच वर्षं तात्पुरती आहे, हे आपण जाणताच. कायम करायचं की नारळ द्यायचा हे ठरवायला सोमवारी तपासनीस तिचा तास पाहायला येणार होते. विषय, पेशीच्या पडद्यातला पंप. हा म्हणे आपल्या अंगात अहोरात्र चालतो. सोडियमचे तीन कण बाहेर लोटायचे, पोटॅशियमचे दोन आत ओढायचे, की एक फेरी झाली. फेरीगणिक थोडी ऊर्जा खर्ची. पण पडद्याला फटी असतात, त्यांतून सोडियम परत आत झिरपतं आणि पोटॅशियम बाहेर, त्यामुळे काम कधी संपत नाही. मी म्हटलं, सूनबाई, हे तर आमचं गोदाम. (चाळीस वर्षांपूर्वी मी तिथे पाठीवर पोती वाहिली, आज दारावर माझी पाटी आहे.) तेव्हा तिनं पंपाची जागा मलाच दिली.

वर्ग म्हणजे पेशी, व्हरांडा म्हणजे बाहेर. लाल फितीची मुलं सोडियम, बिनफितीची पोटॅशियम. पुढच्या दारात मी, मागचं दार म्हणजे फट; दोन्ही दारं त्याच व्हरांड्यात उघडतात. फेरीला मला एक बिस्कीट, तीच ऊर्जा. तिनं बजावलं, "बाबा, पंप कुणाची ओळख ठेवत नाही. फीत बघायची, तोंड नाही." मी शब्दाचा पक्का.

तपासनीस आले, मुख्याध्यापकांशेजारी बसले आणि पाच मिनिटांत मागच्या दारानं निघाले. व्हरांड्यात मला सापडले. फीत नाही. दंड धरून आत घेतलं. म्हणाले, "अहो, मी तपासनीस." म्हटलं, "असाल. फीत कुठाय?" जोडीला एक मुलगी होतीच, दोन भरले. ते पुन्हा झिरपले, मी पुन्हा घेतलं. असं चारदा. शेवटी घाम पुसत खुर्चीत बसले, आणि नेमकी बिस्किटं संपली. मी थांबलो. बघता बघता लाल मुलं आत घुसली, बाकीची बाहेर सांडली, कोण कुठलं कळेना. सून शांतपणे म्हणाली, "ऊर्जा संपली की हे असं. मग मज्जातंतूला निरोपसुद्धा धाडता येत नाही." तपासनीस बराच वेळ बघत राहिले. मग उठले, खिशातली खोकल्याची गोळी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "चालू करा." त्यानंतर ते तास संपेपर्यंत हलले नाहीत.

काल पत्र आलं. नोकरी कायम. शेरा असा : पंप उद्धट, विषय मात्र समजला. तरी ती म्हणते (भिंतीकडे बघून), "माझ्या पाच वर्षांचा यांनी चारदा दंड धरला."

आपला,
व्याही

ता. क. : आपण तिला फोन करून एवढंच सांगावं, की तुझा सासरा साधा माणूस आहे, त्याला तपासनीस ओळखू आले नाहीत. आपलं ती ऐकते.

पुन्हा ता. क. : ओळखले होते. तासाआधी जिन्यात ते मुख्याध्यापकांना हळूच सांगत होते, "पाच मिनिटं बसतो, साधारण म्हणून लिहितो, या जागेवर आपला माणूस ठरलेलाच आहे." हे तिला कळू देऊ नये. तास चांगला झाला म्हणून नोकरी मिळाली, असं तिला वाटतं, आणि ते खरंच आहे. मी फक्त तो त्यांना पूर्ण बघायला लावला.