हळद डोळ्यांत उतरत नाही

॥ श्री खंडेराया प्रसन्न ॥

मढ, दि. ८ जानेवारी २०२५

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

घरात फोनला रेंज नाही आणि बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही, म्हणून पत्र लिहितेय. आपल्या बोरीचे गेणभाऊ कल्याणला भाजी उतरवून परतताना टेम्पो थांबवून घेऊन जातील.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात तुझ्याकडे आले आणि नवव्यात तुझ्या पाठीला नागीण निघाली. तान्ह्याला लागण होईल म्हणून डॉक्टरांनी मला सासरी धाडलं. तू गोठ्याआडून हात हलवलास, तो काही मनातून जात नाही.

बाळ लई गुणी आहे. काल पाचवी पुजली. सासूबाई रोज हळद-बेसन लावून न्हाऊ घालतात, तर अंग कसं पिवळंधमक दिसतं! बापाचा रंग आम्ही हळदीने हरवला म्हणतात. थंडीमुळे खिडक्या बंद, शेगडी आत. बाळ रडत नाही. पाजायला मलाच उठवावं लागतं, दोन घोट घेतो की पुन्हा झोप. काल दिवसभरात लंगोटही तीनच भिजले.

डिंकाचे लाडू इथेही आहेत. तू नाहीस.

तुझी,
हर्षाली

बोरी बुद्रुक, दि. ९ जानेवारी, सकाळी

चि. सौ. हर्षालीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि देवापुढचा दिवा तसाच ठेवून उठले. फोन लागेना. गेणभाऊंना चहासुद्धा न देता माघारी फिरवलंय, रागावले असतील तर रागावू दे.

बाळाला आत्ता उजेडात न्या. डोळ्यांचा पांढरा भाग बघा. हळद अंगाला लागते बाई, डोळ्यांत उतरत नाही. कपाळ बोटाने दाबून सोडा, दाबल्या जागी पिवळं दिसलं तर ती कावीळ. नागिणीच्या औषधाच्या रांगेत बसून दवाखान्यातला तक्ता मी तीनदा वाचलाय. पिवळं बाळ झोपाळू झालं, पिईना, लंगोट कमी भिजले, तर घरी थांबायचं नाही.

कोवळं ऊन, गळ्यात माळ, घुटी, साखरेचं पाणी यात वेळ घालवू नका. शेगडी बाहेर काढा. बाळाला छातीशी धरून, शालीत घेऊन याच टेम्पोत बस आणि थेट जुन्नरचा दवाखाना गाठ. वाटेत पाजत राहा. विहीणबाई अंबाबाईंना माझा नमस्कार सांग. चुकलं असेल तर पुढं भांडू, आज नको.

तुझी आई,
कुशाबाई

जुन्नर, दि. १३ जानेवारी

ती. आईस सा. न.

चिठ्ठी वाचून सासूबाई आधी तडकल्या. विहीणबाईंनी बोरीत बसून दवाखाना काढला का, म्हणाल्या. मग स्वतःच बाळाला अंगणात नेलं, डोळा उघडून पाहिला आणि त्याला शालीत गुंडाळलं. टेम्पोत पहिल्या त्या चढल्या.

कावीळ फार चढली होती. अजून एक दिवस गेला असता तर मेंदूला बाधलं असतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. निळ्या दिव्याखाली दोन दिवस ठेवलं. आता उतरलीय. काल दिवसात नऊ लंगोट भिजवले आणि दुधासाठी असा रडला की ऋषी घाबरून नर्सताईंना बोलवायला पळाले. बाप असा!

उद्या घरी सोडतील. पुढच्या आठवड्यात बारसं आहे. तू आल्याशिवाय पाळण्यात घालणार नाही.

हर्षाली

बोरी बुद्रुक, दि. १५ जानेवारी

चि. सौ. हर्षालीस आशीर्वाद.

बारसं माझ्यासाठी अडवू नकोस. दोन फोड अजून ओले आहेत. शेवटची खपली धरेपर्यंत बाळाजवळ जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. तोवर मी देवाला रोज तेच विचारते आणि पाठ आरशात बघते.

एक गोष्ट सांगायची राहिली. अकरा तारखेला मी एसटीने जुन्नरला आले होते. डॉक्टरीणबाईंना लांबूनच विचारलं आणि मागच्या अंगणात, काचेबाहेर उभी राहिले. तू बाकावर बसल्या बसल्या झोपली होतीस, मान एका बाजूला पडलेली. उशी द्यावीशी वाटली. आत येता येत नव्हतं.

बाळ निळ्या उजेडात होतं. त्याचे डोळे कापडाने बांधलेले, माझं तोंड पदराने. त्यानं मला पाहिलं नाही, मी त्याला धड पाहिलं नाही. म्हणून ती भेट मी धरत नाही. पहिली भेट अजून व्हायचीय.

माया आहे तशीच ठेव.

तुझी आई